उंदरांच्या नावानं खीर

कॅम्प, बेळगाव
१७ नोव्हेंबर २०२४

आत्ती, जयभीम.

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, आत ज्येष्ठमधाच्या काड्या आहेत. यावेळी चांगल्या मिळाल्यात. गेल्या खेपेच्या तू गल्लीतल्या पोरांना वाटून टाकल्यास, हे दीपंकरनं मला सांगितलंय. तुझा मुलगा असला तरी चहाडखोर आहे हं.

आधी बाबांचा निरोप देते, नाहीतर ते मला जेवू द्यायचे नाहीत. निपाणीच्या तुमच्या विहाराला येत्या बुद्धपौर्णिमेला पंचवीस वर्षं होतील. विहार उघडला त्या दिवशी पहिलं गाणं तू म्हटलं होतंस. बाबा म्हणतात, "माझ्या पाठच्या बहिणीनं एकदा तरी परत तिथं उभं राहून म्हणावं." मलाही तेच वाटतं गं. मी तेव्हा तुझ्या मांडीत बसण्याएवढी होते. गाणं कुठलं ते आठवत नाही, पण तुझा आवाज माझ्या पाठीला लागायचा ते आठवतं. तंबाखूच्या वखारीत जन्म काढलास, तो खकाणा घशात जाऊन गळा बसायचाच. काड्या चघळ, कोमट पाणी पी. पौर्णिमेला अजून अवकाश आहे, गळा सुटेल.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दर वेळी विचारतेस, "तिथं तू नेमकं करतीस काय?" आणि मी "रिसर्च" म्हणून सुटते. तर ऐक. बाळंतपणानंतर काही बायकांना लघवी धरून ठेवता येत नाही. शिंक आली, खोकला आला, जोरात हसू आलं की कपड्यात होते. बाळाचं डोकं वाटेतून येताना आतले स्नायू आणि नसा ताणल्या जातात, कधी फाटतात. नेमकं काय तुटतं आणि काय परत सांधतं, हे बाईला कापून बघता येत नाही. म्हणून आम्ही पांढऱ्या उंदरिणी घेतो. त्यांना भूल देऊन त्या वाटेत एक इवलासा फुगा घालतो आणि पाण्यानं फुगवतो. बाळाच्या डोक्यासारखा तो दाबतो. मग काही दिवसांनी उंदरिणीच्या नाकाशी केस फिरवून तिला शिंक आणायची आणि थेंब येतो का ते बघायचं.

हसलीस ना? तुझी भाची चार वर्षं शिकतेय आणि उंदराला शिंका आणतेय!

तुझी,
पारमिता


निपाणी
२ डिसेंबर २०२४

पारमिता,

काड्या परत पाठवल्यात, मोजून घे. मला नकोत.

तुझ्या आईनं सांगितलं न्हवं तुला? दीपंकर अंगावर पीत हुता तवा मी एकदा तिच्याजवळ बोललो हुतो, कुणाला सांगू नको म्हणून हातावर हात घेतला हुता. तिनं पाळलं न्हाय. बरं, न्हाय पाळलं तर न्हाय. पण तू शिकलेली पोरगी, तू तरी सरळ विचारायचंस. उंदराचं नाव काढून मला टोमणा मारायची काय गरज हुती? "हसलीस ना" म्हणून वर विचारतीस. न्हाय हसलो.

मी पत्र वाचलं आणि चुलीत घालणार हुतो, पण तुझं अक्षर बघून हात थांबला. ते अक्षर मीच गिरवून घेतलतं तुझ्याकडनं.

गाण्याचं आता कुणी काढू नका. तुझ्या बापाला, सिद्रामदादाला सांग, गळा गेलाय म्हटलं की गेलाय. अक्काताई म्हणती ती झ्याक म्हणती, पंचवीस वर्षाचं गाणं तीच म्हणंल.

फोन करू नको. दीपंकर फोन मोठ्यानं लावतो आणि घरात नुसता पडदा हाय.

सोनुबाई


कॅम्प, बेळगाव
९ डिसेंबर २०२४

आत्ती,

खाली नाव "सोनुबाई" लिहिलंस. ते बघून मला रडू आलं. मला तू कधी सोनुबाई नव्हतीस.

बाबासाहेबांची शपथ, आईनं मला काहीही सांगितलेलं नाही. तुझं पत्र मी वाचलं, पुन्हा वाचलं, तरी कळेना की मी टोमणा कुठला मारला. मग आईला फोन केला, नुसतं म्हटलं, "आत्ती रागावलीय, तू काही बोललीस का माझ्याजवळ?" ती म्हणाली, "नाही गं बाई, मी तिचं काहीच कुणाला सांगितलेलं नाही." आणि एकदम गप्प झाली. तिचं ते गप्प होणं ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती आजही पाळतेय, आत्ती. तिच्यावर राग धरू नकोस.

आता मी काय म्हणू? ज्या दुखण्यावर मी पीएचडी करतेय त्या दुखण्याला चार वर्षं ज्येष्ठमध पाठवत होते. माझ्या सरांनी हे ऐकलं तर माझी डिग्री काढून घेतील.

मी तुला काही विचारणार नाही. तुला वाटलं तर लिही, नाही वाटलं तर दीपंकरच्या नोकरीचं लिही, विहाराचं लिही, काहीही लिही. फक्त "आत्ती" म्हणून लिही. पत्र माझ्या खोलीवर येतं, मीच उघडते.

तुझीच,
पारमिता


निपाणी
६ जानेवारी २०२५

पारु,

लई दिवस लावले. रोज रात्री न्हाय तर दुपारी लिवायला बसायचो आणि उठायचो. आज वखारीला सुट्टी हाय, दीपंकर मित्राच्या लग्नाला संकेश्वरला गेलाय. आता लिवतो.

दीपंकर अंगानं मोठा हुता. लई वेळ अडला. सुईण आणि नर्स दोघी पोटावर दाबत हुत्या. पोरगं आलं, रडलं, सगळे खूश. माझ्या आत काय झालं ते कुणी बघितलं न्हाय, मलाबी कळलं न्हाय. मग वखारीत परत गेलो आणि कळलं. तंबाखू चाळताना शिंका किती येतात ते तुला काय सांगू! तुझ्या उंदराच्या नाकाला केस कशाला लावतीस, आमच्या वखारीत आणून सोड, फुकटात शिंकतील. तर प्रत्येक शिंकेला व्हायचं. काळं लुगडं नेसायचो, कुणाला दिसायचं न्हाय. वास तंबाखूचाच यायचा. वखारीनं एवढं एक माझं झाकलं.

पण विहारात पांढरी साडी. सगळ्या उपासिका पांढऱ्यात, आणि गाणारीनं पुढं उभं राहायचं. दीपंकर रांगायला लागला हुता त्या वर्षी पौर्णिमेला मी उभा राहिलो. वरची ओळ घेताना पोटातनं जोर लावावा लागतो न्हवं? लावला, आणि पायावर गरम लागलं. पांढऱ्या साडीवर, पारु. सगळ्यांच्या पुढं. मी गळ्याला हात लावला, खोकल्यागत केलं आणि मटकन खाली बसलो. सगळे म्हणाले, सोनुबाईचा गळा बसला. मी म्हटलं, व्हय, गळाच. सगळे उठून जाईस्तवर मी तिथनं हललो न्हाय.

त्या दिवसापास्नं गळाच. काढे काय, मध काय, तुझ्या काड्या काय. सिद्रामदादानं कोल्हापूरला घशाच्या डॉक्टरकडं नेलं, त्यानं आत बॅटरी मारून बघितली, म्हणाला काय न्हाय. दादा म्हणाला, डॉक्टर बोगस हाय. मी म्हटलं, असंल.

अक्काताई माझ्या जागी म्हणायला लागली. मी तिच्याशी तवापास्नं नीट बोललो न्हाय. गावाला वाटतं, मी जळतो. जळतो बी थोडा.

पण तुला एक सांगू? राग गेल्यावर तुझं पहिलं पत्र मी परत काढून वाचलं. आतले स्नायू ताणतात, नसा ताणतात, कधी फाटतात, असं सरळ लिवलंयस, घराला गळती का लागली ते सांगावं तसं. मला एवढी वर्षं वाटायचं, मीच नासकी. कुणाला न्हाय ते मला झालंय, माझं काय तरी चुकलं. आणि तिकडं बेळगावात शिकलेली माणसं त्याच्यावर शाळा शिकतात! तुझे लई उपकार झाले पोरी. बरं काय होणार न्हाय आता, वय झालं. पण कळलं, एवढं बास.

तुझी आत्ती


कॅम्प, बेळगाव
१३ जानेवारी २०२५

माझी आत्ती,

"बास" कोण म्हणालं? मी नाही म्हणाले.

इथं एक डॉक्टर बाई आहेत, याच दुखण्याच्या. माणूस प्रेमळ, बोलणं तिखट, तुझं जमेल. त्यांना तुझं नाव न सांगता विचारलं. म्हणाल्या, "घेऊन या, पहिल्या दिवशी कुणी कापाकापी करत नाही." पुष्कळ बायकांना नुसत्या व्यायामानं फरक पडतो. वय झालं तरी पडतो. सगळं कोरडं होईलच असं मी वचन देत नाही, पण बघायला काय हरकत आहे? आणि पाणी पीत जा. बाहेर जायचं असलं की तू सकाळपासून पाणी सोडतेस, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय. आम्हाला वाटायचं, आत्तीला आमच्या घरचं पाणी चालत नाही.

तू उपकार म्हणालीस म्हणून एक खरं सांगते. माझ्या उंदरिणींनी तुझ्यासाठी औषध शोधलेलं नाही. हा व्यायाम कितीतरी वर्षांपासून माहीत आहे. शिवाय उंदीर चार पायांवर चालतो, त्याच्या पोटाचा भार आपल्यासारखा खाली येत नाही. तेव्हा उंदराचं सगळं बाईला लागू होत नाही. पण स्नायू आधी भरतो की नस, कुणाला विश्रांती द्यायची आणि व्यायाम कधी सुरू करायचा, हे थोडं थोडं त्यांच्यामुळं कळतं. पुढच्या बायकांना उपयोग होईल, असं आम्ही धरून चालतो.

आणि एक, जे मी आईबाबांनाही सांगितलेलं नाही. शेवटी आतलं बघायला उंदरिणींना मारावं लागतं. भूल देऊनच, त्रास न होता, नियमानं, सगळं खरं. पण मीच मारते. रविवारी विहारात पंचशील म्हणताना पहिल्याच शीलाला माझी जीभ अडते. प्राण्याची हिंसा करणार नाही म्हणायचं आणि सोमवारी परत जायचं. गेले काही रविवार मी गेलेच नाही. बाबांना सांगते, कामात होते.

तू ये. मी स्टँडवर घ्यायला येते.

पारु


निपाणी
२४ फेब्रुवारी २०२५

पारु बाळा,

त्या दिवशी तू मला बसमध्ये बसवलंस आणि खिडकीखाली रडत उभी राहिलीस. काकती गाव मागं पडेस्तवर मीबी रडत हुतो. शेजारच्या बाईला वाटलं, लेकीला सासरी घालवून आलो.

तुझी डॉक्टरीण खरंच तिखट हाय. तू बाहेर बसली हुतीस, आत काय झालं ते सांगितलं न्हाय तुला. तपासताना म्हणती, "खोका बघू." मी म्हटलं, "बाई, भाची उंदराला शिंकवती, तुम्ही मला खोकवताय, दोघींचा धंदा एकच दिसतोय." ती एवढी हसली की हातातलं खाली पडलं. मग मीबी हसलो, आणि हसल्यावर माझं काय व्हायचं ते झालं. तिनं बघितलं. आणि पारु, तिचं तोंड वाकडं झालं न्हाय. कागद दिला पुसायला आणि पुढचं विचारलं. एवढ्यासाठीच मी तिच्या पाया पडलो असतो.

व्यायाम शिकवला त्या पोरीनं लई झ्याक समजावलं. वारा अडवल्यागत आतनं आवळायचं, पोट न्हाय, मांड्या न्हाय, श्वास न्हाय. मी तव्यावर भाकरी टाकली की आवळतो, फुगली की सोडतो. आणि शिंक येणार म्हटलं की आधी आवळायचं. वखारीत आता दिवसभर तोच धंदा. पहिल्यांदा काय फरक न्हवता, मी म्हटलं हे बी ज्येष्ठमधच. पण आता चार शिंका आल्या तर दोन कोरड्या जातात. कोरडी शिंक म्हणजे काय सुख असतं ते तुला न्हाय कळायचं, देव करो आणि कधी न कळो. देव म्हणालो, लिवताना आलं तोंडात, दादाला सांगू नको.

आता उंदराचं. मी लई विचार केला. पाप न्हाय असं मी म्हणणार न्हाय, खोटं कशाला बोलू? जीव तो जीव. पण शील म्हणताना जीभ अडती, हे चांगलं हाय. ज्याची अडत न्हाय त्याच्या हातात उंदीर देऊ नये. तू विहारात जायचं सोडू नको. अडखळत म्हण, पण म्हण. आणि त्यातला एकबी जीव वाया घालवू नको, आळसानं न्हाय, घाईनं न्हाय.

माणूस गेलं की आपण पुण्यानुमोदन करतो. मी परवा घरात मेणबत्ती लावून तुझ्या उंदरांचं केलं. दीपंकर म्हणाला, "आई, कोण गेलं?" मी म्हटलं, "बेळगावकडची पाव्हणी."

तुझी आत्ती


कॅम्प, बेळगाव
४ मे २०२५

आत्ती,

तुझं ते पत्र माझ्या पिशवीत असतं. गेल्या आठवड्यात उंदरिणींच्या या तुकडीचं शेवटचं काम होतं. सकाळी ते वाचलं आणि मग आत गेले. हात स्थिर होता. एकही नमुना वाया गेला नाही. या उंदरिणींमध्ये स्नायू लवकर भरून आलेला दिसला, नस मात्र मागं राहिली होती. छोटीशी गोष्ट आहे, पण आमच्याकडं कुणी एवढी नीट बघितली नव्हती. रविवारी विहारात गेले. पहिल्या शीलाला अडखळले, पण म्हटलं.

आता वाईट बातमी. बुद्धपौर्णिमेच्याच दिवशी मला बंगळूरला तज्ज्ञांपुढे हे सगळं मांडायचं आहे. तारीख बदलून मागितली, मिळाली नाही. बाबा म्हणाले, तू विहाराला होकार दिलास! पंचवीस वर्षांचं पहिलं गाणं! आणि मीच तिथं नसणार.

पांढऱ्या साडीची भीती वाटली तर आत जाड कपडा घे, डॉक्टर बाईंनी दिलाय तो. नाही जमलं तर बसून म्हण. नाही म्हटलंस तरी माझी काही तक्रार नाही. तू मला जे लिहून दिलंस त्यावर माझं आयुष्य निघेल.

पारु


निपाणी
१३ मे २०२५

पारु,

बंगळूरचं कसं झालं ते लगेच कळव. हितलं सांगतो, बसून वाच.

पौर्णिमेला खीर असती विहारात, तुला माहीतच हाय. जो कुणी खीर देतो त्याचं नाव आणि कुणाच्या स्मरणार्थ ते आण्णाप्पा माईकवर सांगतो. यंदा खीर माझी हुती. आण्णाप्पानं विचारलं, "सोनुबाई, कुणाच्या स्मरणार्थ म्हणू? दाजींच्या?" मी म्हटलं, "आमच्या मालकांची गेल्या वर्षी झाली. यंदा बेळगावच्या उंदरांच्या म्हण." तो हसला. म्हणाला, "पंचवीस वर्षाचा कार्यक्रम हाय, चेष्टा करू नका." मी म्हटलं, चेष्टा न्हाय. तो काय सांगायला तयार हुईना. मग मी माईकच काढून घेतला त्याच्या हातातनं.

तुझ्या बापाचं तोंड बघायला पाहिजे हुतंस.

माईक हातात आला. पांढरी साडी नेसून त्याच जागेवर उभा हुतो. पण एकदा सुरू केलं आणि मग थांबलो न्हाय. म्हटलं, माझा गळा कधी बसला न्हवता. दीपंकरच्या बाळंतपणात आत इजा झाली, गाताना लघवी व्हायची, म्हणून गाणं सोडलं. दीपंकरचा काय दोष न्हाय, त्यानं मान खाली घालू नये. हे दुखणं हाय, ह्याला डॉक्टर हाय, व्यायाम हाय. आणि ह्या दुखण्यापायी बेळगावात मुकी जनावरं जीव देतात, माझ्या भाचीच्या हातानं, आणि ती रडती. त्यांना कुणी माणूस न्हाय स्मरण करायला. म्हणून खीर त्यांची.

पोरं तेवढी उंदीर म्हटल्यावर हसली. मग दीपंकर उठला आणि पातेल्याजवळ जाऊन वाढायला उभा राहिला.

मग मी गाणं म्हटलं. वरच्या ओळीच्या आधी आवळलं, शिकवलं तसं. थेंबभर आलं असंल नसंल, मला कळलं न्हाय, मी गाण्यात हुतो. सिद्रामदादा लहान पोरागत रडत हुता.

खीर वाढून झाली आणि अक्काताई माझ्याजवळ आली. मला वाटलं, जागा गेली म्हणून भांडती आता. तिनं माझा हात धरला आणि भिंतीकडं नेलं. म्हणती, "सोना, तू सोडल्यावर मी गायला लागलो ते पेटी घेऊन का, कधी विचारलंस? पेटी म्हणजे मांडी घालून बसायला मिळतं. उभं राहून मला एक ओळबी जमत न्हाय. शामू झाला तवापास्नं."

पुढल्या बुधवारी तिला घेऊन बेळगावला येतो, डॉक्टरीणबाईला सांगून ठेव. आणखी दोघी येतो म्हणाल्यात, त्यांची नावं आल्यावर कळतील.

पारु, अक्काताई आणि मी एकाच वखारीत कामाला हाय गं. एवढी वर्षं एका चाळणीच्या दोन बाजूला बसून दोघी शिंकत हुतो, आणि एकमेकीला एक शब्द विचारला न्हाय.

तुझी आत्ती